कचरा समजलेली वर्तुळं

माझ्या पीएचडीचा विषय ‘एक्सोसोममधले वर्तुळाकार आरएनए आणि मधुमेह’ असा सांगितला, की समोरचा जरा गप्प होतो आणि मग विचारतो, "यानं शुगर कमी होते का?" उत्तर शेवटी देते. आधी इतिहास ऐका, कारण या दोन्ही गोष्टींना एकेकाळी कचरा समजलं जायचं.

आरएनए म्हणजे जनुकातल्या माहितीची नक्कल, सरळ धाग्यासारखी. पण १९७९ साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पेशींमध्ये आरएनएची चक्क वर्तुळं दिसली. पुढची कित्येक वर्षं बहुतेकांचं मत हेच, की आरएनएचे तुकडे जोडताना पेशीचं काहीतरी चुकलं असणार.

१९८३ मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात रोझ जॉनस्टोन मेंढीच्या अपरिपक्व लाल रक्तपेशींवर काम करत होत्या. या पेशी वाढताना नको झालेली प्रथिनं इवल्याशा पिशव्यांत भरून बाहेर टाकतात, असं त्यांना दिसलं. याच एक्सोसोम. साहजिकच त्याही कचऱ्याच्या पिशव्या ठरल्या!

मत बदललं २००७ मध्ये. या पिशव्यांत आरएनए असतो आणि दुसऱ्या पेशीत गेल्यावर त्यापासून प्रथिन बनू शकतं, हे स्वीडनमधल्या गटानं दाखवलं. म्हणजे कचरा नव्हे, टपाल. २०१३ मध्ये वर्तुळांची पाळी आली. एका वर्तुळावर ‘मिर-७’ नावाच्या छोट्या आरएनएला पकडून ठेवणाऱ्या ७० हून जास्त जागा सापडल्या.

आता मधुमेह. स्वादुपिंडात मिर-७ वाढला की इन्सुलिन कमी स्रवतं. त्याला पकडणारं हेच वर्तुळ वाढवलं, तर इन्सुलिन वाढतं, असं २०१५ मध्ये उंदरांच्या पेशींत दिसलं. त्याच वर्षी एक्सोसोममध्येही वर्तुळाकार आरएनए भरपूर असल्याचं कळलं. वर्तुळाला टोक नसतं, त्यामुळे टोकापासून आरएनए कुरतडणाऱ्या विकरांना ते सहजी तोडता येत नाही. म्हणून ते रक्तातही टिकतं, आणि रक्ततपासणीतून आजार लवकर ओळखता येईल ही आशा तिथूनच आली.

मग शुगर कमी होते का? नाही, आज तरी नाही. एखादा आरएनए आजारात कमी-जास्त झाला, म्हणजे त्यानंच आजार झाला असं नसतं. ते वेगळं सिद्ध करावं लागतं, आणि आम्ही सध्या तिथेच अडकलोय. तेव्हा ‘एक्सोसोम उपचारा’ची जाहिरात दिसली तर पैसे भरू नका, आणि चालू असलेली गोळी तर अजिबात थांबवू नका. कचरा म्हणायची घाई एकदा झालीच आहे. आता औषध म्हणायची नको.