गाण्याची वाट : लोकप्रिय मराठी गीतांच्या अभ्यासाची प्रस्तावना

मोशी १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आली, पण इथल्या कानांवर पडणारी गाणी त्याच्याही आधीपासून एका ठिकाणची नव्हती. आळंदी जवळ, त्यामुळे टाळ-मृदंग नेहमीचाच. नागेश्वर महाराजांच्या उत्सवाला गावाची स्वतःची वाद्यं. भोसरी आणि चाकणच्या एमआयडीसीत लातूर, बीड, नांदेड, जळगावची मुलं कामाला लागली, खोल्या करून राहू लागली, आणि येताना आपापली गाणी घेऊन आली. शेजारच्या खोलीत भोजपुरी वाजू लागलं. समोरून पुणे-नाशिक रस्ता जातो. त्याच रस्त्याने वर गेलं की नारायणगाव लागतं, जिथे गुढीपाडव्याच्या सुमारास तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच जत्रेची सुपारी द्यायला येतात. लोकप्रिय गाणं कसं घडतं आणि कसं पसरतं याचा अभ्यास ज्याला करायचा आहे, त्याने मुंबईच्या स्टुडिओत जाण्याआधी अशा गावात येऊन राहावं, असं माझं ठाम मत आहे.

या अभ्यासात नव्याने येणाऱ्यांचं स्वागत करताना सुरुवातीलाच सांगतो, की हे क्षेत्र अजून मोकळं आहे. शास्त्रीय संगीतावर मराठीत कपाटं भरून पुस्तकं आहेत, नाट्यसंगीतावर आहेत, भावगीतावर आठवणींचा ढीग आहे. पण लग्नाच्या वरातीत, मंडळाच्या मिरवणुकीत, सहा आसनी रिक्षात वाजलेल्या गाण्यांवर नेटकं लेखन फार थोडं. अशोक दा. रानडे यांनी संगीताच्या कोटी मांडताना आदिम, लोक, धर्म आणि कलासंगीताच्या जोडीने जनसंगीताला स्वतंत्र जागा दिली, त्याला आता बराच काळ लोटला. त्या जागेत राहायला आपण मात्र फारसे गेलो नाही.

माझं म्हणणं थोडक्यात असं. गाणं स्टुडिओत तयार होतं, कंपनी ते एका दिवशी बाजारात आणते, पण ते हिट होतं वाटेवर, आणि वाट बदलली की गाण्याचा घाटही बदलतो. म्हणून गायकाच्या चरित्राइतकाच गाण्याच्या वाहनाचा अभ्यास व्हायला हवा. हे वाहन म्हणजे तबकडी, रेडिओ, कॅसेट, मेमरी कार्ड, डीजेचा पेनड्राइव्ह, रील.

१९०२ साली फ्रेड गाइसबर्गने कोलकात्यात गौहर जानचा आवाज तबकडीवर घेतला. त्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावत. तासभर रंगणारी चीज तीन मिनिटांत आवरण्याची सवय गायकांना तेव्हा लागली, आणि तीन-चार मिनिटांचं गाणं हा साचा आजही सुटलेला नाही. रेडिओने वेगळी शिस्त लावली. १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी, आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झालं. गदिमांनी लिहायचं, सुधीर फडक्यांनी चाल बांधायची आणि आठवड्याला एक नवं गीत. बावन्न गीतं ठरली होती. अधिक महिना आला म्हणून ती छप्पन्न झाली. लोक आठवडाभर पुढच्या गीताची वाट बघत. आज गाण्याआधी टीझर सोडतात, पोस्टर सोडतात, तारीख जाहीर करतात. त्या सगळ्याचं मराठीतलं मूळ शोधायचं तर मी आधी तिथे जाईन. गीतरामायणावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे, पण आठवड्याच्या त्या वाट बघण्यावर फारसं कुणी लिहिलेलं नाही.

खरा मोठा फेर कॅसेटने केला. फिलिप्सने ती १९६३ मध्ये काढली, पण आपल्याकडे ती घरोघरी पोचली ती सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून, आखातात कामाला गेलेल्यांच्या टू-इन-वनबरोबर. तबकडी छापायला कारखाना लागत असे, आणि तो बरीच वर्षं एकाच मोठ्या कंपनीच्या हातात होता. कॅसेटची नक्कल एखाद्या दुकानाच्या मागच्या खोलीतही निघे. पीटर मॅन्युएल यांचं ‘कॅसेट कल्चर’ हे १९९३ चं पुस्तक याच उलथापालथीवर आहे आणि या क्षेत्रात येणाऱ्याने ते पहिल्यांदा वाचावं. ते उत्तर भारतावर आहे. महाराष्ट्राचं तसं पुस्तक अजून व्हायचं आहे.

ते जो कुणी लिहील त्याला शिंदे घराण्यापाशी बराच काळ थांबावं लागेल. प्रल्हाद शिंदे (१९३३–२००४) यांच्या गळ्यात विठ्ठलाची गाणी होती, भीमगीतं होती आणि कव्वालीही होती. जो आवाज आषाढीला पंढरीच्या वाटेवर वाजे, तोच १४ एप्रिलला वस्तीत वाजे. गायकाला श्रोत्यांच्या एकाच पंगतीत बसवण्याची आपली सवय या एका गळ्यापुढे टिकत नाही. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांचे चिरंजीव आनंद शिंदे यांचं नव्या पोपटाचं गाणं आलं आणि कॅसेटच्या वाटेने ते कुठे कुठे गेलं याचा हिशोबच राहिला नाही. ट्रकमध्ये, वरातीत, एसटी स्टँडच्या हॉटेलात, रसवंतीवर. त्याच्या पाठोपाठ पोपटांची रांग लागली. आज त्या गाण्यांना ‘नकला’ म्हणून बाजूला सारलं जातं. मला ती सगळ्यात मोलाची वाटतात, कारण मूळ गाण्यातलं लोकांनी नेमकं काय उचललं, चाल, ठेका की चावटपणा, हे त्यांच्यातूनच कळतं.

कॅसेटचा आणखी एक गुण गायकांच्या बोलण्यात येतो. तिच्या दोन बाजू भरायला आठ-दहा गाणी लागत. त्यातलं एक चालणार हे सगळ्यांना ठाऊक असे, पण ते कोणतं हे कुणालाच सांगता येत नसे. त्यामुळे उरलेल्या गाण्यांत प्रयोगाला वाव होता: एखादी संथ गवळण, एखादा पोवाड्याचा तुकडा, गायकाच्या हट्टाखातर घेतलेलं एखादं दुःखाचं गाणं. आता एकेक गाणं सुटं निघतं आणि प्रत्येकाला चालावंच लागतं. यात आपण काहीतरी गमावलं, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

तिसऱ्या पिढीतले आदर्श शिंदे चित्रपटातून घरोघरी गेले. २०१६ च्या ‘पोश्टर गर्ल’मध्ये वडील आणि मुलगा एकत्र डीजेलाच आवाज वाढवायला सांगतात. त्याच्या दहा वर्षं आधी ‘जत्रा’ चित्रपटात अजय-अतुलच्या चालीवर आनंद शिंदे आणि वैशाली सामंत यांनी गायलेली कोंबडी २०१२ मध्ये ‘अग्निपथ’मधून ‘चिकनी चमेली’ होऊन देशभर नाचली. हिंदीतून मराठीत येणाऱ्या चालींची चर्चा आपण खूप करतो. मराठीतून बाहेर गेलेल्या चालींची यादीसुद्धा कुणी नीट केलेली नाही.

तारखा शेजारी मांडल्या की कधी कधी नवीन दिसतं, म्हणून एक उदाहरण देतो. ‘सैराट’ प्रदर्शित झाला २९ एप्रिल २०१६ ला. जिओची सेवा सुरू झाली ५ सप्टेंबर २०१६ ला. म्हणजे ‘सैराट’मधलं ‘झिंगाट’ गावागावांत पोचलं तेव्हा फुकट डेटा नव्हता. थिएटरमध्ये पडद्यापुढे नाचणाऱ्या पोरांनी, टीव्हीने, लग्नाच्या डीजेने आणि मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून देणाऱ्यांनी ते नेलं. ज्या चित्रपटाच्या संगीतासाठी लॉस एंजेलिसमध्ये वाद्यवृंद बसला होता, त्याचं गाणं चाकणच्या चौकात गाणी भरून देणाऱ्या पोराच्या हातून फिरलं. जून २०२० मध्ये टिकटॉक बंद झालं, लगोलग रील आली. २०२४ मध्ये संजू राठोडची ‘गुलाबी साडी’ आली तेव्हा वाट पुरती बदललेली होती. जळगाव जिल्ह्यातल्या या मुलाच्या मागे चित्रपट नव्हता, मोठा नट नव्हता. जी-स्पार्कचं संगीत, पहिल्या काही सेकंदांत पकडणारा मुखडा आणि साडी नेसून कुणालाही करता येईल अशी अदा. ऐकणारीच इथे गाणं पुढे नेते, स्वतःचा चेहरा घेऊन. कोंबडी, झिंगाट आणि गुलाबी साडी एकाच तराजूत तोलून ‘पूर्वीची गाणी बरी होती’ म्हणणाऱ्यांनी हा फरक ध्यानात घ्यावा.

आता गाणं घडतं कसं ते जवळून पाहू. मोशी-चिखलीसारख्या भागात वन बीएचकेच्या एका खोलीत आज स्टुडिओ उभा राहतो. लॅपटॉप, ऑडिओ इंटरफेस, एक कंडेन्सर माइक, आणि आवाज घुमू नये म्हणून भिंतीला फोम नाहीतर रजया. पुष्कळदा आधी बीट तयार होते, तिच्यावर धून गुणगुणली जाते, शब्द शेवटी बसतात. कवितेला चाल लावणाऱ्या पिढीला हा उलटा प्रवास वाटेल, पण लावणी आणि कव्वालीतही तयार चालीवर शब्द बांधणं जुनंच आहे. मग डमी, मग डबिंग, मग मिक्सिंग आणि मास्टरिंग. गाणं कधी सोडायचं हे पंचांगावर ठरतं. शिवजयंती, भीमजयंती, लग्नसराई, गणपती, नवरात्र. गणपतीचं गाणं श्रावणातच यावं लागतं, कारण डीजेवाल्यांना ते आपल्या पद्धतीने बांधायला वेळ लागतो.

ही डीजेची आवृत्ती अभ्यासकाने फार बारकाईने ऐकावी. कडवी गळतात. मुखड्याआधी ठेका लांबवला जातो, कारण मिरवणुकीत पोरांना जागेवर यायला वेळ द्यावा लागतो. संबळ किंवा हलगीचा तुकडा वर चढवला जातो, बेस खाली भरला जातो, आणि गाण्याच्या मध्येच डीजे आपल्या नावाचा आवाज टाकतो. हा नावाचा शिक्का पुसत नाहीत. जुन्नरच्या डीजेचा शिक्का असलेलं गाणं भोसरीत वाजलं, तर ते कुठून आलं हे कळतं. पाचपन्नास मिरवणुकांत असे शिक्के टिपले तर एखाद्या गाण्याचा नकाशा काढता येईल. माझ्या माहितीत हे कुणी केलेलं नाही, आणि कुणी करायला घेतलं तर मला मनापासून आनंद होईल. ऐकताना कानांची मात्र काळजी घ्या. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल ही नियमातली मर्यादा आहे, आणि मिरवणुकीत भिंतीएवढ्या सेटअपपुढे तिचं काय होतं हे इथे राहणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. गाण्यावर प्रेम असणाऱ्यानेच हे स्पष्ट म्हटलं पाहिजे.

याच पट्ट्यातला दुसरा न उघडलेला विषय बैलगाड्याच्या गाण्यांचा. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी आणली, डिसेंबर २०२१ मध्ये त्या पुन्हा सुरू झाल्या आणि मे २०२३ मध्ये त्यांना परवानगी देणाऱ्या राज्याच्या कायद्यावर शिक्कामोर्तब झालं. खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ आणि हवेलीत शर्यतीच्या घाटांत पळणाऱ्या बैलांवर गाणी केली जातात. गाडामालकाचं नाव, गावाचं नाव, बैलाचं नाव, बारीचे सेकंद हे सगळं गाण्यात येतं. सुरुवातीलाच ‘भिर्रर्र’ आणि समालोचकाचा चढा आवाज. आश्रयदात्याचं नाव गीतात गुंफण्याची रीत शाहिरांच्या काळापासूनची. इथे ती बैलाच्या वशिंडावर बसून आली आहे.

अशा गाण्यांना ‘सवंग’ म्हणण्याआधी दोन अभ्यासक वाचावेत. पुणे विद्यापीठात शिकवलेल्या शर्मिला रेगे यांनी लावणी कलावंतिणींवर १९९५ मध्ये जे लिहिलं, त्यात कुणाचे श्रम आणि कुणाची इभ्रत हा प्रश्न नेमका मांडलेला आहे. शैलजा पाईक यांच्या २०२२ च्या ‘द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट’ने तमाशाच्या इतिहासातून अश्लीलतेचा शिक्का जातीशी कसा जोडला गेला ते दाखवलं. त्यानंतर ‘हे गाणं खालच्या दर्जाचं’ हे वाक्य इतक्या सहज लिहिता येत नाही. याचा अर्थ सगळं गोड मानून घ्यावं असा नाही. बाईला टोमणा मारून टाळ्या घेणारी गाणी पुष्कळ आहेत आणि त्यांना तसंच म्हणावं. पण दर्जाचा निवाडा आणि जातीचा तिटकारा हे दोन वेगळे करूनच बोलावं.

श्रेयाचा प्रश्नही इथेच येतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातली २०१२ ची दुरुस्ती गीतकार आणि संगीतकाराला रॉयल्टीत हक्काचा वाटा देते. कॅसेटच्या काळात मात्र शेकडो गीतकारांनी एकदाच रक्कम घेऊन कागदावर सही केली. गायकाचा फोटो कव्हरवर मोठा, गीतकाराचं नाव मागे बारीक अक्षरात, वादकांचं बहुतेकदा नाहीच. बेंजो कुणी वाजवला, कोरसला कोण बाया होत्या, हे फक्त त्यांच्या घरच्यांना माहीत. या बाबतीत आपल्यापुढे एक थोर उदाहरण आहे. गी पॉइटव्हिन आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि ओवीबरोबर ती गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव नोंदवलं. मुळशी-मावळच्या बायांची नावं त्यामुळे राहिली. एखाद्या गाजलेल्या कॅसेटमधल्या ढोलकीवाल्याचं नाव मात्र शोधावं लागतं.

म्हणून नव्याने येणाऱ्यांना मी पहिलं काम सुचवतो ते कॅसेटचं. मोशी, चिखली, डुडुळगाव, चऱ्होलीच्या जुन्या घरांत माळ्यावर त्या अजून पडून आहेत. दमट हवेने फितीला बुरशी धरते, फीत चिकटते. घरमालकाला विचारून कव्हरच्या दोन्ही बाजूंचे फोटो घ्या: नावं, कंपनी, किंमत, दुकानाचा शिक्का असेल तर तोही. कॅसेट कुणी आणली, कुठून आणली आणि ती कुणाच्या लग्नात वाजली हे त्याच बैठकीत लिहून घ्या, कारण नंतर कुणाला आठवत नाही. मग पेन्सिल घालून फीत हलक्या हाताने दोन्हीकडे फिरवा. आणि प्ले दाबण्याआधी रेकॉर्डिंग चालू करा. जुनी फीत कधी कधी एकदाच वाजते.