शेवाळाचा गुन्हा काय?

माझ्या घरात खाऱ्या पाण्याची एक लहानशी टाकी आहे. तिसऱ्या महिन्यात आतल्या दगडांवर हिरवे केस उगवले आणि बघता बघता सगळी टाकी झाकोळली. अम्मी म्हणाली, "दिवसातून चारदा खायला घालतोस. उष्टं-खरकटं जाणार कुठं?" मी ऐकलं नाही. दुकानातून शेवाळ मारायचं औषध आणून ओतलं. शेवाळ मेलं, पण ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपत गेला आणि दोन मासे दगावले. महिन्याभरात शेवाळ पुन्हा हजर! तेव्हा कुठं मी या छंदाचा इतिहास वाचायला घेतला.

गंमत अशी, की सुरुवातीला समुद्री शेवाळ टाकीत मुद्दाम आणलं जात होतं. १८४६ मध्ये ॲना थिन या इंग्रज बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला नेले. पाण्यात हवा मिसळावी म्हणून ते उघड्या खिडकीपाशी या भांड्यातून त्या भांड्यात ओतलं जाई. पुढं त्यांनी शेवाळाची मदत घेतली, कारण उजेडात ते प्राणवायू सोडतं.

रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये गोड्या पाण्यातला आपला प्रयोग मांडला. मासे आणि पाणवनस्पती एवढ्यानं भागलं नव्हतं. पानं कुजली, काचेवर हिरवा थर चढला. मग त्यांनी तळ्यातल्या गोगलगायी सोडल्या आणि त्यांनी तो थर फस्त केला. आजही टाकीत गोगलगायी सोडतात, त्यामागं हीच युक्ती आहे.

१८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस यांचं 'द ॲक्वेरियम' आलं आणि इंग्लंडच्या दिवाणखान्यांत समुद्र शिरला. पण खिडकीतल्या उन्हात टाक्या हिरव्या पडायच्या, प्राणी मरायचे. काही वर्षांतच ही लाट ओसरली.

शंभर वर्षांनी जकार्तामध्ये ली चिन इंग यांनी वेगळी वाट काढली. समुद्रातले जिवंत खडक, उजेड आणि हवेचे बुडबुडे, एवढ्यावर त्यांनी टाक्या चालवल्या. १९६१ मध्ये त्यांनी ही पद्धत लेखातून मांडली. खडकांतले सूक्ष्म जीव माशांची घाण पचवतात, हे त्यातलं मर्म. पुढं अमेरिकेत स्मिथसोनियन संस्थेच्या वॉल्टर अ‍ॅडी यांनी तर शेवाळालाच कामाला लावलं. जाळीवर, भरपूर उजेडात ते वाढू द्यायचं आणि वेळोवेळी खरवडून बाहेर काढायचं. पाण्यातलं नायट्रेट आणि फॉस्फेट त्याच्यासोबत निघून जातं.

इथं माझी चूक मला कळली. शेवाळ हा रोग नव्हता. माशांची विष्ठा आणि उरलेलं अन्न यांतून नायट्रेट, फॉस्फेट साचत होतं, त्यावर ते पोसत होतं. औषधानं मेलेलं शेवाळ टाकीतच कुजलं, म्हणजे त्यानं खाल्लेलं सगळं परत पाण्यातच गेलं.

आता मी दिवसातून एकदाच, मासे दोन मिनिटांत संपवतील एवढंच खायला घालतो. मीठ नळाच्या नाही, आरओच्या पाण्यात कालवतो. दिवा आठ तासच लावतो. दर आठवड्याला थोडं पाणी बदलतो आणि वाढलेलं शेवाळ हातानं उपटून कचऱ्यात टाकतो, गटारात किंवा खाडीत नाही. ली यांच्यासारखे जिवंत खडक मात्र मी आणले नाहीत. आपल्याकडं प्रवाळांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळं कोरडे दगडच बरे. त्यांवर उपयोगी जिवाणू वसायला वेळ लागतो, तेवढा धीर धरावा लागतो.

दगडांवर अजून थोडी हिरवळ आहे, गोगलगायी ती चरतात. थिनबाईंपासून अ‍ॅडींपर्यंत सगळं वाचून झाल्यावर मी अम्मीला म्हणालो, तुझंच खरं होतं. ती म्हणाली, "मग ते दोन मासे वाचले असते की रे." त्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं.