काटा फुटलेली साखर

1569 च्या वसंतात क्योतोमध्ये निजोच्या गढीचं बांधकाम धडाक्यात चालू होतं. सरदार ओदा नोबुनागा स्वतः तिथे उभा राहून देखरेख करत होता. लुईस फ्रॉइश या पोर्तुगीज जेझुइट पाद्र्याला त्याने तिथेच, खंदकावरच्या पुलावर भेटीला बोलावलं. फ्रॉइशला राजधानीत राहून धर्मप्रसार करायची परवानगी हवी होती, आणि सत्तेच्या दारात रिकाम्या हाताने जायचं नसतं हे त्याला चांगलं ठाऊक होतं. त्याआधी त्याच्याकडून मोठा आरसा, मोरपिसं, बंगाली वेताची काठी आणि काळी मखमली टोपी असा नजराणा गेला होता. नोबुनागाने त्यातली टोपी तेवढी ठेवून घेतली आणि बाकीचं परत केलं. पुढच्या नजराण्यात मेणबत्त्या होत्या आणि काचेच्या एका कुपीत साखरेचे दाणे होते. पोर्तुगीज त्यांना ‘कॉन्फेइतु’ म्हणत. जपानी जिभेवर त्याचं ‘कोंपेइतो’ झालं, ते आजतागायत तसंच आहे.

बोटाच्या पेरापेक्षा लहान, पांढरी, गुलाबी, पिवळी किंवा हिरवी, सगळ्या अंगाने बोथट काटे आलेली ही गोळी आज जपानमधलं प्रत्येक मूल ओळखतं. मियाझाकींच्या ‘स्पिरिटेड अवे’ या चित्रपटात बॉयलरखान्यातल्या काजळीच्या इवल्या जिवांपुढे जे रंगीत दाणे टाकले जातात, ते कोंपेइतोच. मराठी माणसाने ती पहिल्यांदा पाहिली तर तो एकच शब्द उच्चारेल: हलवा. संक्रांतीचा, तिळावरचा, काटेरी हलवा. या दोन दाण्यांचं साम्य केवळ दिसण्यातलं नाही. ते घडतात एकाच रीतीने, आणि मला सांगायचं आहे ते या रीतीबद्दल.

त्याआधी फ्रॉइशबद्दल थोडं. तो लिस्बनचा. 1548 मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी तो गोव्यात आला. तिथल्या सेंट पॉल कॉलेजात शिकला, गोव्यातच त्याला पाद्रीपदाची दीक्षा मिळाली आणि 1563 मध्ये तो जपानला पोचला. म्हणजे त्याच्या घडणीची वर्षं लिस्बनपेक्षा मांडवीच्या काठी अधिक गेली. त्या काळी पोर्तुगालच्या पूर्वेकडच्या साऱ्या कारभाराची राजधानी गोवा होती. इथून निघालेलं जहाज मलाक्का, मकाव करत जपानच्या किनाऱ्याला लागायचं. नजराण्यातली मोरपिसं आणि बंगाली वेत याच वाटेने तिकडे गेले. पूर्वेला येणारा लिस्बनचा मालही याच वाटेवरचा.

खुद्द कॉन्फेइतु मात्र पोर्तुगीज गोव्यापेक्षाही जुना. बीवर साखर चढवायची कला युरोपात आधी औषधवाल्यांच्या दुकानात वाढली. बडीशेप, धणे, बदाम यांवर पाकाचे थर चढवायचे आणि जेवणानंतर पचनासाठी खायचे. साखर तेव्हा औषधांत गणली जायची आणि तिची किंमतही औषधासारखीच होती. पंधराव्या शतकात पोर्तुगीजांनी मदेइरा बेटावर उसाची लागवड केली, पुढे ब्राझीलमध्ये केली, आणि लिस्बनला साखर मुबलक मिळू लागली. या साखरेला गुलामांच्या श्रमाची भयानक किंमत होती. गोड पदार्थांच्या इतिहासात हे वाक्य अनेकदा गाळलं जातं, ते गाळू नये. साखर अशी उतू जाऊ लागली तेव्हाच कॉन्फेइतु औषधाच्या बरणीतून मेजवानीच्या ताटात आणि जत्रेच्या पालात आला.

तो करायचा कसा, याचं फार सुंदर वर्णन सर ह्यू प्लॅट या लंडनच्या गृहस्थाने सतराव्या शतकाच्या आरंभी ‘डिलाइट्स फॉर लेडीज’ या पुस्तकात केलं आहे. निखाऱ्यांवर दोऱ्यांनी टांगलेलं पसरट भांडं, त्यात बिया, वरून पळीभर पाक आणि भांड्यात फिरणारा उघडा हात. पाक सुकला की पुन्हा पळीभर. गुळगुळीत दाणा हवा असेल तर पाक पातळ ठेवा. खडबडीत, काट्यांचा हवा असेल तर शेवटच्या थरांना पाक अधिक चढवा आणि पळी उंच धरून वरून सोडा. चारशे वर्षांपूर्वीची ही सूचना पुण्याच्या एखाद्या आजीला वाचून दाखवली, तर टांगलेल्या भांड्याच्या जागी परात आणि निखाऱ्यांच्या जागी शेगडी एवढाच बदल ती सुचवेल.

जपानमध्ये कॉन्फेइतु पोचला, पण त्याची कृती पोचली नाही. 1639 मध्ये शोगुनशाहीने पोर्तुगीजांना कायमचं हाकललं. त्यांचा धर्म बंदीखाली गेला, चर्चं पाडली गेली, पण त्यांचे गोड पदार्थ राहिले. कासुतेरा हा केक राहिला आणि कोंपेइतोही राहिला. साखर मात्र बाहेरून यायची, डच आणि चिनी जहाजांतून, आणि तीही एकट्या नागासाकी बंदरात. त्यामुळे हा दाणा आधी नागासाकीत जमला. तो जमवायला लोकांना किती झगडावं लागलं, त्याची कथा इहारा साइकाकुने लिहून ठेवली आहे. साइकाकु हा ओसाकाचा लेखक, व्यापाऱ्यांच्या जगाचा मोठा जाणकार. 1688 च्या ‘निप्पोन एइताइगुरा’ या त्याच्या कथासंग्रहात माणसं पैसा कसा मिळवतात आणि कसा घालवतात याच्या गोष्टी आहेत. त्यातल्या एकीत नागासाकीचा एक साधा माणूस परदेशी मिठाईचं हे गुपित शोधण्याच्या मागे लागतो. विचारून कोणी सांगत नाही, करून पाहावं तर जमत नाही. शेवटी त्याच्या लक्षात येतं की सारी मेख तिळात आहे. तीळ पाकात घोळवून वाळवायचे आणि मग तापल्या भांड्यात टाकून परतायचे. तापता तापता तिळातून साखर बाहेर फुटते आणि कोंपेइतो तयार होतो. गोष्टीतला माणूस त्यावर श्रीमंत होतो.

तिळातून साखर फुटते हे अर्थातच खरं नाही, पण निरीक्षण पक्कं आहे. दाण्याला गाभा लागतो, गाभ्यावर थर चढतात, आणि तापल्या भांड्यात फिरता फिरता काटे आतून उगवल्यासारखे दिसतात. जपानी कारागिरांनी पुढे तिळाऐवजी खसखस वापरली. आज कुठे भाजलेल्या चिकट तांदळाचे बारीक कण वापरतात, तर बहुतेक ठिकाणी जाड साखरेचे स्फटिकच. आमच्याकडे तिळाबरोबर खसखस, साबुदाणा, बडीशेप, लवंग, खरबुजाच्या बिया, सगळ्यांवर हलवा चढतो. एवढ्या लांबच्या दोन प्रांतांतल्या हातांनी तीळ आणि खसखस हेच गाभे निवडावेत, यात मला मोठी गंमत वाटते. कारण साधं आहे: दाणा लहान हवा, कोरडा हवा, उष्णतेला टिकणारा हवा.

आता काटे. साखरेचा थर सगळीकडून सारखा चढतो असं धरलं, तर दाणा गोल व्हायला हवा. प्रत्येक दिशा सारखी असताना काही ठिकाणीच टोक का निघावं? हा प्रश्न तेरादा तोराहिको या भौतिकशास्त्रज्ञाने 1920 च्या दशकात एका लेखात मांडला. तेरादा कादंबरीकार नात्सुमे सोसेकीचा शिष्य, उत्तम ललित लेखक, आणि रोजच्या वस्तूंत विज्ञान शोधणारा माणूस. स्फटिकांवरच्या क्ष-किरणांच्या कामासाठी त्याचं नाव जगात झालं होतं, पण तडे कसे जातात, झाडावरून फूल गळताना कसं पडतं, असले प्रश्नही त्याला तेवढेच मोलाचे वाटत. कोंपेइतोबद्दल त्याचं म्हणणं असं की सगळं सारखं आहे हे गृहीतच चुकीचं. प्रत्यक्षातला कोणताही पृष्ठभाग पूर्ण सारखा नसतो. कुठेतरी किंचित उंचवटा असतोच. दाणा भांड्यात लोळतो तेव्हा हा उंचवटा तापल्या तळाला आणि शेजारच्या ओल्या दाण्यांना आधी टेकतो. तिथे पाक लागतो, लगेच सुकतो, साखर जमते. उंचवटा वाढला की पुढच्या खेपेला तो आणखी आधी टेकतो. खाचेत मात्र पाक कमीच पोचतो. आधीच जास्त असलेल्याला आणखी मिळत जातं, असा हा हिशेब. सुरुवातीची क्षुल्लक विषमता वाढत वाढत काटा होते. तेरादाच्या काळी शास्त्रज्ञ सरासरीच्या मागे असत आणि तिच्यापासूनचे चढउतार चूक म्हणून सोडून देत. त्या चढउतारांतच आकार जन्माला येतो हे त्याने एका खाऊच्या दाण्यात पाहिलं.

ही गोष्ट परातीत हलवा घोळणारीला हाताने कळत असते. तीळ परातीत, परात मंद आचेवर, बाजूला पाक. पाकातला मळ दूध घालून काढलेला. चमचाभर पाक सोडायचा आणि बोटांनी तीळ अलगद फिरवत राहायचे. चमचा मोठा झाला तर तीळ एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात. आच जास्त झाली तर साखर पिवळी पडते किंवा चढलेला थर सुटून पीठ होतं. हवा दमट असेल तर पाक सुकतच नाही, दाणा बुळबुळीत राहतो आणि काटा धरत नाही. म्हणून हे काम पौषातलं, कोरड्या थंडीतलं, पहाटेचं. एका दिवसात हलवा फुलत नाही. दोन, तीन, कधी चार पहाटा बसावं लागतं. मग त्या दाण्यांचे हार, बाजूबंद, बिंदी, मंगळसूत्र, कंबरपट्टा गुंफले जातात. पहिल्या संक्रांतीची नवी सून काळ्या साडीवर हे पांढरे दागिने लेवून बसते. बोरन्हाणाला बाळाच्या डोक्यावर मुकुट आणि हातात बासरी, तीही हलव्याची. साखरेचे दागिने करून ते अंगावर मिरवणारी आपली ही रीत मला त्या मिठाईइतकीच प्यारी आहे. दागिन्याला लागणारा काटा मोठा आणि एकसारखा हवा, हे ज्या बायका करतात त्यांनाच ठाऊक. लहानसहान फरकाने हार ओबडधोबड दिसतो.

क्योतोमध्ये ऱ्योकुजुआन शिमिझु नावाचं दुकान आहे, 1847 पासूनचं. ते फक्त कोंपेइतोच करतं. तिथे परातीच्या जागी तिरकी बसवलेली मोठी लोखंडी कढई गरगर फिरते, खालून आच लागते. कारागीर पाक ओततो, फावड्यासारख्या साधनाने दाणे उलटतो आणि पुन्हा ओततो. दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढ होते. नेहमीच्या आकाराचा दाणा व्हायला दोन आठवड्यांहून अधिक लागतात. लिहिलेली कृती नाही. हवामान रोज वेगळं, म्हणून पाकाची दाटी रोज वेगळी, आणि ती ठरते दाण्यांच्या आवाजावरून. कढईत कोसळताना दाणे कोरडे खळखळले तर पाक द्यायचा, आवाज जड आला तर थांबायचं. साखरेत दुसरं काही मिसळलं की ती नीट जमत नाही, म्हणून कोंपेइतो पिढ्यान् पिढ्या नुसता साखरेचा राहिला. फळांच्या आंबट रसाचा किंवा चॉकलेटसारख्या तेलकट पदार्थाचा कोंपेइतो होणार नाही, अशीच समजूत होती. या दुकानाने वर्षानुवर्षं खपून तोही साधला.

युरोपात याच कलेने दुसरी वाट धरली. एकोणिसाव्या शतकात फिरती यांत्रिक भांडी आली आणि गुळगुळीत दाणा झटपट होऊ लागला. आज जगभर विकल्या जाणाऱ्या चकचकीत, रंगीत कवचाच्या गोळ्या त्याच घराण्यातल्या. तिथे काटा म्हणजे मालातला दोष. पोर्तुगालमध्ये मात्र काही ठिकाणी जुन्या चालीचा काटेरी कॉन्फेइतु अजून करतात. चाइकोव्हस्कीच्या ‘नटक्रॅकर’ बॅलेमधल्या ‘शुगर प्लम’ परीचं नावही याच कुळातलं. शुगर प्लम म्हणजे साखर चढवलेला दाणा. जपानी भाषांतरकारांनी तिला ‘कोंपेइतोची परी’ म्हटलं. यापेक्षा नेमकं भाषांतर मला सुचत नाही.

जपानमध्ये या दाण्याला मान कसा मिळाला ते पाहण्यासारखं आहे. मेइजी काळापासून, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून, राजघराण्याच्या समारंभात पाहुण्यांना हातात मावेल अशी चांदीची नक्षीदार डबी भेट देतात आणि तिच्यात कोंपेइतो असतो. सावकाश वाढणारा आणि दीर्घकाळ टिकणारा दाणा म्हणून तो शुभ. त्याच सुमाराच्या पुढेमागे तो अगदी उलट्या ठिकाणीही गेला. जपानी लष्कराच्या शिध्यात ‘कानपान’ नावाचं कडक, कोरडं बिस्किट असायचं. ते नुसतं खाववत नाही, तोंड कोरडं पडतं. म्हणून त्याच्या पुडीत कोंपेइतोचे दाणे घातले. गोळी चघळली की लाळ सुटते, बिस्किट घशाखाली उतरतं, आणि साखरेची शक्तीही मिळते. युद्ध संपलं, सैन्य गेलं, ही जोडी राहिली. भूकंप-वादळांसाठी जपानी घरांत, शाळांत, कचेऱ्यांत जे कानपानचे डबे साठवून ठेवतात, त्यांतल्या कित्येकांत बिस्किटांच्या मधे आजही हे काटेरी रंगीत दाणे असतात. वर्षानुवर्षं ते खराब होत नाहीत, आणि डबा उघडायची वेळ आलीच, तर पाणी नसतानाही पहिला घास त्यांच्यामुळे गिळता येतो.