बोल्ट किती आवळायचा? टॉर्क रेंचची गोष्ट

 

आज लढाईबद्दल बोलणार नाही. आज बोल्टबद्दल बोलणार आहे. मी फौजेत ईएमई म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स अँड मेकॅनिकल इंजिनियर्स या कोअरमध्ये होतो. १९४३ साली, दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत उभी राहिलेली ही कोअर. तिचं काम सरळ आहे: जे बिघडलं ते दुरुस्त करून पुन्हा मैदानात पाठवायचं. त्या कामात एक प्रश्न रोज पडायचा. बोल्ट किती आवळायचा?

तुम्ही म्हणाल, घट्ट होईपर्यंत. इथेच गंमत आहे.

बोल्ट म्हणजे एक ताठ स्प्रिंग. आपण तो आवळतो तेव्हा तो केसभर ताणला जातो. ताणलेल्या स्प्रिंगला मूळ लांबीवर यायचं असतं आणि त्या ओढीनेच दोन भाग एकमेकांवर दाबले जातात. जितका ताण तितकी ओढ, हा नियम रॉबर्ट हूकने १६७८ मध्ये मांडला. पण ताणाला मर्यादा असते. ती ओलांडली की बोल्ट लांब होतो तो होतोच, परत येत नाही.

इंजिनात खाली ब्लॉक, वर हेड आणि मध्ये गॅस्केट. सिलिंडरमध्ये प्रत्येक वेळी इंधन पेटलं की तो दाब हेड वर उचलायला बघतो. बोल्ट सैल असले तर गॅस निसटतो, गॅस्केट जळतं, पाणी तेलात शिरतं. फार आवळले तर बोल्ट तुटतो, ब्लॉकमधले आटे जातात किंवा हेड वाकडं होतं. म्हणून हेडचे बोल्ट मधून बाहेर, ठरलेल्या क्रमाने आणि दोन-तीन टप्प्यांत आवळतात.

आता थोडा इतिहास. पूर्वी प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे. १८४१ मध्ये इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थने आट्यांचं प्रमाण सुचवलं, ५५ अंशांचा कोन. १८६४ मध्ये अमेरिकेत विल्यम सेलर्सने ६० अंशांचं सुचवलं. त्यामुळे नट-बोल्ट एकमेकांना बसू लागले. पण ते किती आवळायचे हे मिस्त्रीच्या मनगटावरच राहिलं. लहान बोल्टला आखूड पाना, मोठ्याला लांब, म्हणजे माणसाच्या ताकदीने आपोआप बेताचं आवळलं जाईल, एवढीच काय ती सोय.

न्यूयॉर्क शहराच्या पाणीपुरवठा खात्यात कॉनराड बाहर नावाचा माणूस होता. पाइपांच्या जोडांवरचे बोल्ट कुठे सैल, कुठे जास्त आवळलेले, याने तो वैतागला होता. ठरावीक जोरापलीकडे न आवळणारं हत्यार आपण १९१८ मध्येच बनवलं, असं तो सांगे. शिकागोच्या जॉन शार्पने १९३१ मध्ये जोर मोजून दाखवणाऱ्या पान्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. पुढे १९३५ च्या सुमारास बाहर आणि जॉर्ज फेफर्ले यांनी ‘टक्’ असा आवाज करून इशारा देणारा पाना आणला. आज गॅरेजमध्ये दिसतो तो टॉर्क रेंच याच कुळातला.

आमच्या वर्कशॉपमध्ये जुन्या जीपचे आकडे फूट-पाउंडांत, तर जर्मन मान कंपनीच्या परवान्यावर जबलपूरला बनलेल्या शक्तिमान ट्रकचे मेट्रिक. १० किलोग्रॅम-मीटर म्हणजे सुमारे ७२ फूट-पाउंड. एकक वाचायला चुकलात तर संपलंच. मी तरुण कॅप्टन होतो आणि आकडे मला तोंडपाठ होते. त्याचाच मला गर्व होता.

डोंगराळ भागातली गोष्ट. पहाटे काफिला निघायचा होता आणि एका गाडीचं हेड रात्री बसवायचं होतं. आमचा हवालदार केरळचा, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा. तो बोल्ट एकेक करून रॉकेलात धुवायला बसला. जुने बोल्ट, आट्यांत गंज आणि काजळी. ब्लॉकमधल्या भोकांतूनही त्याला टॅप फिरवायचा होता. मी म्हटलं, वेळ नाही, बसवा. तो म्हणाला, “साब, चूड़ी साफ किए बिना रेंच झूठ बोलेगा.” मी म्हणालो, “रेंच झूठ नहीं बोलता, उस्ताद.” हुकूम तो हुकूम. रेंच प्रत्येक बोल्टवर बरोबर आकड्याला ‘टक्’ वाजला.

घाटमाथ्याच्या अलीकडे गॅस्केट उडालं. बर्फ पडू लागलं होतं. मदत पोचायला रात्र गेली. ड्रायव्हरच्या पायाला हिमदंश झाला आणि दोन बोटं कापावी लागली.

झालं काय होतं? टॉर्क रेंच पिळण्याचा जोर मोजतो, बोल्टचा ताण मोजत नाही. साधारण हिशेब असा, की आपल्या जोराचा जवळजवळ ९० टक्के भाग बोल्टच्या डोक्याखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात जातो. ताणासाठी उरतो सुमारे १० टक्के. गंजाने घर्षण बरंच वाढलं तर तो छोटा वाटा निम्मा होऊ शकतो, आणि रेंच तोच आकडा दाखवतो. उलट जिथे कोरडा आकडा दिलाय तिथे तेल लावलं तर बोल्ट गरजेपेक्षा जास्त ताणला जातो. आकडा खरा असतो, पण पुस्तकात सांगितलेल्या स्थितीतच.

कागदावर कारण लिहिलं गेलं, ‘गॅस्केट सदोष’. मी गप्प राहिलो. हवालदारही गप्प राहिला, माझ्यासाठी. त्याने त्यावर एक शब्द कधी काढला नाही आणि मी कधी माफी मागितली नाही. तो आता नाही. ड्रायव्हरला मी निवृत्तीनंतर भेटलो, खरं ते सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “उस वक़्त बोलते तो अच्छा होता, साब.” त्याचं बरोबर होतं.

तर मंडळी, गाडीचं हेड उघडलं तर मिस्त्रीला तीन गोष्टी विचारा: आटे साफ केले का, पुस्तकात कोरडं लिहिलंय की तेल लावून, आणि बोल्ट पुन्हा वापरण्याजोगे आहेत का. आजकालच्या बऱ्याच इंजिनांत बोल्ट ठरावीक अंशांनी जास्त फिरवून ताणतात, ते सहसा एकदाच वापरायचे असतात. मिस्त्री वेळ मागेल, तर द्या. मी तो दिला नव्हता.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.