मूरक्रॉफ्ट, विल्यम

(१७६७–२७ ऑगस्ट १८२५). हिमालयापलीकडील प्रदेशांशी व्यापार जोडण्यासाठी धडपडलेला इंग्रज पशुवैद्य व प्रवासी. जन्म लँकाशरमधील ऑर्म्सकर्क येथे. फ्रान्समध्ये पशुवैद्यकाचे शिक्षण घेऊन त्याने लंडनमध्ये व्यवसाय केला. १८०८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या पुसा (बिहार) येथील अश्वपैदास केंद्राचा अधीक्षक म्हणून तो भारतात आला. घोडदळासाठी बळकट घोडे मध्य आशियात मिळतील, अशी त्याची खात्री होती. तथापि त्याच्या कार्याचे खरे महत्त्व घोड्यांपेक्षा लोकरीच्या व्यापाराशी निगडित आहे.

१८१२ मध्ये हायडर हिअरसी याच्यासह गोसाव्याच्या वेशात तो नीती खिंडीतून तिबेटात शिरला. गोसावी त्या काळी तिबेटशी व्यापारही करीत. त्यामुळे हे सोंग अगदीच विसंगत नव्हते. गार्तोक येथे शालींच्या लोकरीचा व्यापार त्याच्या दृष्टीस पडला. चांगथांगच्या उंच पठारावरील भटके पशुपालक (चांगपा) याकच्या केसांच्या काळ्या तंबूंत राहत व कुरणांमागे फिरत. शेळ्यांच्या राठ केसांखालची मऊ लोकर, म्हणजे पश्म, ते उन्हाळ्याच्या प्रारंभी विंचरून काढीत आणि तिच्या मोबदल्यात धान्य घेत. मीठ व टाकणखार मेंढ्यांच्या पाठीवर लादून खाली नेला जाई. पश्म मात्र वाटेल त्याला विकण्याची मुभा नव्हती. १६८४ च्या तिंगमोसगांगच्या तहाने ती लडाखमार्गे काश्मीरलाच जावी, असे ठरले होते. मूरक्रॉफ्टने गार्तोकला लोकर व शेळ्या विकत घेतल्या. परतताना नेपाळच्या अधिकाऱ्यांनी त्याला काही काळ अटकेत ठेवले.

१८१९ मध्ये जॉर्ज ट्रेबेक याच्यासह तो व्यापारी माल घेऊन पुन्हा निघाला व १८२० मध्ये लेहला पोहोचला. यार्कंदला जाण्याच्या परवान्याची वाट पाहण्यात त्याची सुमारे दोन वर्षे गेली. परवाना मिळालाच नाही. १८२१ मध्ये त्याने लडाखशी व्यापारी करार केला. याचा अधिकार त्याला नव्हता. रणजितसिंगाशी वितुष्ट नको असल्याने कंपनीने करार नाकारला. करार उतावळा होता हे खरे; पण सीमेवरील व्यापाराचे मर्म त्याच्याइतके जाणणारा दुसरा अधिकारी कंपनीपाशी क्वचितच असेल.

काश्मीर, काबूल या मार्गाने १८२५ मध्ये तो बुखाऱ्यास पोहोचला. हवे तसे घोडे तेथेही मिळाले नाहीत. परतीच्या वाटेवर अंदखुई (अफगाणिस्तान) येथे तो तापाने मरण पावला. त्यामागोमाग ट्रेबेकही वारला. त्याचे प्रवासवृत्त हो. हे. विल्सन याने संपादित करून १८४१ मध्ये प्रसिद्ध केले. तोवर लडाख डोग्र्यांच्या ताब्यात गेले होते, आणि त्याच वर्षी पश्मच्या व्यापारावर वर्चस्व मिळविण्यासाठी जोरावरसिंगाने पश्चिम तिबेटवर स्वारी केली.