पाण्याखालचा चष्मा

आमच्या कंधारकडे पोहायला शिकणं म्हणजे विहीर. पाठीला डबा बांधायचा आणि कुणीतरी मागून ढकलायचं! आत डोळे उघडले की सगळ्यांनाच सारखं दिसतं, म्हणजे काहीच नीट दिसत नाही. पाण्याखाली चष्मा असणारा आणि नसणारा असा भेदभाव नाही. पण तोच चष्मिस पुढे नोकरीला लागतो, मित्रांबरोबर तारकर्लीला स्कूबा करायला जातो, चष्मा काढून होडीवाल्याच्या हातात देतो आणि तेव्हा त्याला प्रश्न पडतो: मायनस चारला मासे दिसतील का हो?

या प्रश्नाचं निम्मं उत्तर 1801 साली छापलेल्या एका निबंधात आहे. लेखक थॉमस यंग. जवळचं आणि लांबचं बघताना डोळ्यात नक्की काय बदलतं, यावर तेव्हा वाद चालू होता. काहींचं म्हणणं, समोरचं पारदर्शक पारपटल आपला आकार बदलतं. यंगने एका छोट्या सूक्ष्मदर्शकाचं भिंग नळीत बसवलं, नळीत पाणी भरलं आणि ती थेट स्वतःच्या डोळ्याला लावली. पारपटल पाण्यात गेलं की त्याची ताकद जवळजवळ संपते. ती उणीव भिंगाने भरून काढली. तरीही जवळ-लांब फोकस करणं पहिल्यासारखंच चालू राहिलं. म्हणजे पारपटल निर्दोष, बदलतं ते आतलं भिंग. (डीबगिंग करताना आपण एक मॉड्यूल बंद करून बघतो, अगदी तसं. फक्त याने ते स्वतःच्या डोळ्यावर केलं :-))

आजचे आकडे असे. डोळ्याची एकूण ताकद साधारण 60 डायॉप्टर, त्यातली 43 च्या आसपास एकट्या पारपटलाची. कारण त्याच्यापुढे हवा असते. पुढे पाणी आलं की ही 43 जवळपास गायब! मायनस सहावाल्याची नजर मुळात गरजेपेक्षा जास्त ताकदीची, म्हणून उघड्या डोळ्यांनी पाण्यात त्याचं नुकसान किंचित कमी. पण 43 पुढे सहा म्हणजे काय, दर्यात खसखस.

यावर उपाय एकच, डोळ्यापुढे हवा परत आणायची. जाक-इव्ह कुस्तोने 1936 साली तुलाँजवळ पोहण्याचा गॉगल लावून समुद्रात डोकं घातलं आणि त्याचं आयुष्यच बदललं. 1943 मध्ये त्याने एमिल गान्यांबरोबर अ‍ॅक्वालंग बनवलं. खोल जायचं तर गॉगल चालत नाही, दाब सारखा करायला नाकही आत लागतं. म्हणून मास्क.

मास्कमध्ये हवा आली की आपला जुना नंबरही परत येतो. शिवाय सपाट काचेतून पाण्यातली वस्तू सुमारे पाऊण अंतरावर असल्यासारखी वाटते. मायनस चारवाल्याला एरवी 25 सेंटिमीटरपर्यंत स्पष्ट दिसतं, पाण्यात साधारण 33 पर्यंत. हवेचा गेज तोंडाजवळ धरून वाचता येईल, पण दीड मीटरवरून इन्स्ट्रक्टर बोटांनी काय खुणा करतोय ते धूसर. मला मासे हुकण्यापेक्षा ही खूण हुकण्याची भीती जास्त वाटते. मायनस एकवाल्याचं मात्र गढूळ पाण्यात बहुतेक वेळा निभावून जातं.

आता नेहमीचा चष्मा मास्कखाली का नाही? काड्यांमुळे रबराची कड चेहऱ्याला चिकटत नाही, पाणी आत येतं. मग चष्म्याची काचच मास्कमध्ये बसवली. त्यात मेख अशी की नंबराचा सगळा खोलगटपणा आतल्या, हवेच्या बाजूला ठेवायचा आणि बाहेरची बाजू सपाट. वक्र बाजू पाण्याकडे ठेवली तर तिची जवळपास दोन तृतीयांश ताकद पाणीच खातं.

दुसरी वाट कॉन्टॅक्ट लेन्सची. जुन्या, हवा न जाऊ देणाऱ्या कडक लेन्सखाली वर येताना नायट्रोजनचे बुडबुडे अडकायचे, पारपटल सुजून नजर धुरकट व्हायची. 1970 च्या दशकात अमेरिकेत यावर प्रयोग झाले. तेव्हा लेन्सच्या मधोमध बारीक भोक पाडणं हा एक उपाय निघाला. मऊ लेन्सने हा प्रश्न बराचसा सोडवला. पहिली चांगली मऊ लेन्स ओटो विख्तर्लेने 1961 च्या नाताळात, मुलांच्या खेळण्यातल्या सुट्या भागांच्या यंत्रावर घरीच काढली होती. मास्कमध्ये पाणी शिरलं तर डोळे मिटून घ्यायचे, नाहीतर लेन्स वाहून जाते. आणि ती लेन्स नंतर टाकून द्यायची, समुद्राच्या पाण्यातले जंतू डोळ्यात नकोत.

तारकर्लीच्या दहा-पंधरा मिनिटांच्या डुबकीसाठी मी मऊ, एका दिवसाची लेन्सच सुचवेन. नियमित डायव्हिंग करणार असाल तर मायनस नंबरच्या तयार काचा मिळतात, डाव्या-उजव्या वेगवेगळ्या. सिलिंडर नंबर मोठा असेल तर मात्र काच घडवूनच चिकटवून घ्यावी लागते.