राणीचा हात आणि आमची शाळा

जुन्या गोव्याला सहल गेली की गर्दी बॉम जीझसकडे वळते. समोरच्या टेकडीवर, संत ऑगस्टीनच्या मठाच्या अवशेषांकडे, फार थोडे लोक चढतात. आम्ही आमच्या उर्दू शाळेची मुले घेऊन तिथे गेलो.

ऑगस्टिनियन साधू 1572 मध्ये गोव्यात आले. मठाचे भव्य चर्च 1602 मध्ये पुरे झाले. 1835 मध्ये पोर्तुगीज सरकारने साधूंचे संघ बरखास्त केले, मठ ओस पडला आणि 1842 मध्ये छत कोसळले. घंटा आधीच उतरवलेली होती. ती आज पणजीच्या चर्चमध्ये वाजते. दर्शनी भाग 1931 मध्ये ढासळला. उरला आहे तो जांभ्या दगडाचा सुमारे 46 मीटरचा अर्धा मनोरा. आमच्याकडच्या पडक्या मशिदींचे मिनार आठवले, इतकेच.

पण आम्ही गेलो होतो राणी केतेवानसाठी. जॉर्जियातील काखेतीची ही राणी इराणच्या शाह अब्बासकडे मुलाच्या राज्यासाठी रदबदली करायला गेली, आणि ओलीस म्हणून शिराजला अडकली. दहा वर्षांनी, 1624 मध्ये, इस्लाम स्वीकारायला नकार दिला म्हणून तिला हालहाल करून मारले. ऑगस्टिनियन साधूंनी तिचे अवशेष मिळवले आणि त्यांतला काही भाग 1627 मध्ये या मठात आणला. पुरातत्त्व खात्याला इथे सापडलेल्या हाडाचा डीएनए हैदराबादला तपासला गेला. 2021 मध्ये भारताने त्यातील भाग जॉर्जियाला भेट दिला.

हे सांगताच आठवीतल्या एका मुलाने विचारले, "सर, शाह तो मुसलमान था ना?"

खरे सांगायचे तर आमच्या जिभेवर गोव्याचे इन्क्विझिशन आले होते. 1560 ते 1812 पर्यंतचा जुलूम, तोही याच गावात. एका जुलमावर दुसरा ठेवला की हिशेब मिटतो, असे मोठी माणसे करतातच. पण त्या मुलाने ते विचारलेच नव्हते. आम्ही म्हणालो, "हो, मुसलमान होता. आणि चुकला होता." धर्माच्या बाबतीत जबरदस्तीला मनाई करणारी सूरह बकरहमधली आयत मुलांना पाठ होती. एकाने ती आपणहून म्हटली.

मग वह्या निघाल्या. केतेवान हे नाव उर्दूत कोणत्या 'काफ'ने लिहायचे यावरून बसपर्यंत वाद चालू राहिला.